बफर वाढवला आहे

३ जून २००२, सोमवार

नवी वही. ऑफिसात नवं रजिस्टर उघडलं की पहिल्या पानावर माहिती भरायची पद्धत होती, म्हणून: सुखदेव, वय साठ, तार ऑफिसातून सुपरवायझर म्हणून निवृत्त. मूळ अकोला जिल्हा, नोकरीत बदली होऊन पुण्यात, आता कोथरूड. पत्नी हिरा, तीन वर्षांपूर्वी गेली. मुलगा आनंद आणि सून पूर्णिमा, दोघं न्यू जर्सीत. प्रकृती उत्तम, डावा गुडघा सोडून. एकटेपणा वगैरे नाही. वेळच मिळत नाही.

आजपासून जावा या कॉम्प्युटरच्या भाषेचा क्लास. कर्वे पुतळ्याजवळ, दुसरा मजला, लिफ्ट नाही. वर्गात सगळी पोरं. एकाने मला विचारलं, तुम्ही कुणाचे बाबा? शिकवणारी मुलगी उत्कर्षा, पंचविशीची असेल. तिने विचारलं, काका, जावा कशासाठी शिकायचंय? म्हटलं, मुलाशी बोलायला. म्हणाली, का, त्याला मराठी येत नाही?

पुण्याच्या मुली. पण शिकवते बरं.

संकल्प: रोज एक धडा, रोज फिरणं, साखर बंद.

२० जून, गुरुवार

साखर उद्यापासून.

योजना पक्की. आनंदचा फोन रविवारी येतो. मी विचारतो, काय चाललंय. तो म्हणतो, ठीक. तो विचारतो, तुमचं? मी म्हणतो, ठीक. मग दोघं थोडा वेळ लाइनची खरखर ऐकतो आणि ठेवतो. हिरा होती तेव्हा ती बोलायची आणि मी शेजारी उभा राहून "गुडघ्याचं सांग" वगैरे सुचवायचो. दोष आमच्या दोघांचा नाही, फोनचा आहे. फोनवर माणूस घाबरतो. लिहायला बसला की मोकळा होतो. तारेच्या फॉर्मवर मुक्या माणसांनी काय काय लिहिलेलं मी पाहिलंय.

म्हणून स्वतःचा मेसेंजर लिहायचा. नाव तारदूत. बाजारात तयार फुकट मिळतात. वरच्या मजल्यावरच्या विमलाबाई त्यांच्या सिडनीच्या लेकीशी तसल्याच कशावर तरी बोलतात. पण फुकटच्या वस्तूत आपलं असं काय असतं? आणि एकतीस वर्षं मी लोकांचे निरोप पोचवले. स्वतःचा पोचवायला दुसऱ्याचं दुकान कशाला.

७ जुलै, रविवार

तारदूत १.० तयार. आलेला मजकूर धरून ठेवायला प्रोग्रॅममध्ये एक भांडं लागतं, त्याला बफर म्हणतात. मी चौसष्ट अक्षरांचं ठेवलं. उत्कर्षा म्हणाली, लहान होईल. तिला काय माहीत, लोक दहा शब्दांत मृत्यूसुद्धा कळवायचे. शिवाय लांब मजकूर पाठवताना त्याचे तुकडे होतील अशी सोय केली. लाइनवर एकदम ओझं नको.

पुस्तकातलं "नेटवर्कवरून वाचणे" हे प्रकरण वरवर पाहिलं. आपला विषयच आहे.

चाचणी घेतली. एकाच कॉम्प्युटरवर दोन खिडक्या उघडल्या. एका खिडकीत मी, दुसऱ्या खिडकीत आनंद, म्हणजे मीच. मी: जेवलास का? आनंद: हो. तुम्ही? मी: हो. आनंद: काय केलं होतं? मी: पिठलं. आनंद: छान. मी: थंडी आहे का तिकडे? आनंद: जुलैत कसली थंडी बाबा.

एकही अक्षर गळालं नाही. बराच वेळ बोललो.

१४ जुलै, रविवार. सकाळी ७

ऐतिहासिक दिवस. तारदूतचा एक भाग आनंदने त्याच्या कॉम्प्युटरवर टाकला आहे, दुसरा इथे. इथली सकाळ म्हणजे तिथली आदली रात्र, तो जेवून बसलेला असतो. कनेक्शन लागलं. पहिला मेसेज आला (तो इंग्रजी अक्षरांत लिहितो, मी इथे नीट उतरवतो):

"बाबा, चाललं की. गुडघा आता"

लगेच खाली दुसरी ओळ:

"कसा आहे? औषध वेळेवर घेताय ना?"

पहिली ओळ स्पष्ट आहे. गुडघा आता बरा असेलच, असं त्याला म्हणायचंय. मी "उत्तम" कळवलं. दुसरी ओळ कुठून आली? एका मेसेजची एक ओळ, हा माझा नियम. म्हणजे ती आपली नाही. जुन्या टेलिफोनवर क्रॉस कनेक्शन व्हायचं, तोच प्रकार. कुठल्या तरी घरात कुणी तरी कुणाला औषधाबद्दल विचारत होतं. चांगली माणसं दिसतात. पण आपल्या लाइनवर नको.

१८ जुलै, गुरुवार

तारदूत १.१. आता मेसेज आला की प्रोग्रॅम दोन सेकंद थांबतो आणि मागून जे काही येईल ते न दाखवता फेकून देतो. पडदा स्वच्छ.

उत्कर्षाला अभिमानाने सांगितलं. तिने विचारलं, काका, मागून येतो तो कचरा कशावरून? म्हटलं, अनुभवावरून. ती काहीतरी बोलणार होती, पण एका पोराचा कॉम्प्युटर बंद पडला. मुलगी हुशार आहे. अनुभव कमी.

२८ जुलै, रविवार. सकाळी ७.२०

आज आनंदचा मेसेज: "बाबा, एक आनंदाची बातमी. पूर्णिमाला"

एवढाच. मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे नवख्या माणसाला अडचण होईल. पण तार ऑफिसातल्या माणसाला कर्ता मिळाला की क्रियापद काढता येतं. पूर्णिमाला नोकरी लागली. लग्न होऊन गेल्यापासून शोधत होती बिचारी.

लगेच कळवलं: "अभिनंदन. पहिले सहा महिने कामात ढिलाई नको. साहेबाशी नम्रतेने वागावे."

उत्तर आलं: "???"

पूर्ण आलं. तिन्ही चिन्हं व्यवस्थित. आनंदला बापाची विनोदबुद्धी माहीत नाही, त्याच्या आईला होती.

सगळ्या सोसायटीत पेढे वाटायचा विचार होता. मग म्हटलं, पहिला पगार होऊ दे.

११ ऑगस्ट, रविवार

"पूर्णिमाला सकाळी उठलं की फार"

फार काम असतं. डबा, गाडी, ऑफिस. कळवलं: "सुरुवातीला सगळ्यांना होतं. सवय होईल."

आनंद: "आईला व्हायचं का?"

मी: "आईला कधीच नाही. ती हसत सगळं करायची."

आनंद: "बरं. सांगतो तिला."

छान संवाद झाला. फोनवर हे शक्य नव्हतं. हिराचा विषय आम्ही तीन वर्षांत काढला नव्हता, तो आज निघाला. दुपारी तिच्या फोटोची काच पुसली. मग फिरायला जायचं होतं, पण पाय दुखत होता.

साखर एक तारखेपासून.

२२ ऑगस्ट, गुरुवार

क्रियापदांचा प्रश्न थोडा वाढला आहे. मी अर्थ लावतो, ते सोडा, पण वाक्य पूर्ण दिसलं तर बरं दिसतं. बफर चौसष्टचा पाचशे बारा केला. तरी तेच. मग चार हजार. तेच. म्हणजे बफरचा दोष नाही हे सिद्ध झालं.

उत्कर्षाला विचारलं. तिने फळ्यावर नळ काढला. म्हणाली, काका, नळाखाली वाटी ठेवा, हंडा ठेवा नाहीतर टाकी ठेवा, पाणी येईल तसंच येणार. थोडं आलं की तुम्ही भांडं उचलून घरात नेताय. भरेपर्यंत थांबायला हवं. आणि किती भरायचं ते कळायला पाठवणाऱ्याने आधी लांबी सांगावी, किंवा शेवटी खूण ठेवावी.

शेवटी खूण ठेवावी, हे ती मला सांगते. तारखात्यात आयुष्य गेलं. पण तिथे परकी माणसं होती. बाप-मुलाच्या बोलण्यात खुणा कसल्या?

खरं कारण मला माहीत आहे. आनंद लहानपणापासून वाक्य अर्धं टाकून खेळायला पळायचा. हिरा मागून ओरडायची. तीच सवय.

तपकीर गल्लीतून नवीन मोडेम आणला. बफर आठ हजार केला, हौस म्हणून.

१५ सप्टेंबर, रविवार. सकाळी ७.१०

"बाबा, डिसेंबरमध्ये आम्ही दोघं पुण्याला"

येतोय! दोन वर्षांनी. मी उठून स्वयंपाकघरात गेलो, पाणी प्यालो, परत आलो. मग कळवलं: "वाट पाहतो. खोली तयार ठेवतो."

बऱ्याच वेळाने उत्तर: "बाबा नीट वाचलं ना?"

मी: "शब्दन् शब्द."

१८ सप्टेंबर, बुधवार

खोलीला रंग. फिकट पिस्ता. रंगाऱ्याने विचारलं, कोण येणार? सांगितलं. दुसऱ्या दिवशीही विचारलं, परत सांगितलं. विमलाबाई जिन्यात भेटल्या, त्यांनाही सांगितलं. त्या म्हणाल्या, येतोय असं त्याने लिहिलं, की तुम्ही वाचलं?

बाईंचा स्वभाव आहे. हिराच्या आजारपणात रात्रंदिवस खाली असायच्या, म्हणून मी मनावर घेत नाही.

डबल बेड पाहिला. गादी पाहिली. संध्याकाळी त्या खोलीत खुर्ची टाकून बसलो. रंगाचा वास चांगला वाटतो.

१४ ऑक्टोबर, सोमवार

आज धम्मचक्र प्रवर्तन दिन. हिरा असताना आम्ही दर वर्षी नागपूरला दीक्षाभूमीवर जायचो. ती गेल्यावर दोन वर्षं एकटा गेलो. यंदा नाही. काल आनंद लाइनवर आला नव्हता, म्हणजे आज येणार, तेव्हा घरी असलेलं बरं. पांढरा सदरा घातला. मेणबत्ती लावली, वंदना म्हटली. ती म्हणताना दुसरा आवाज असायचा, त्यामुळे चाल थोडी चुकते.

७.४० ला मेसेज: "पूर्णिमा शुक्रवारपासून हॉस्पिटलमध्ये"

रुजू झाली. म्हणजे नोकरी बदलली. अमेरिकेत हे चालतं. कळवलं: "उत्तम. सरकारी की खाजगी?"

पडदा बराच वेळ रिकामा. मी दोनदा कनेक्शन तपासलं. लागलेलं होतं.

मग: "खाजगी."

कळवलं: "खाजगीत पगार बरा. पण सुट्ट्या कमी. डिसेंबरचं बघा."

तो निघून गेला. तिथे रात्र झाली होती.

२७ ऑक्टोबर, रविवार

सकाळी फोनची घंटा. आनंद. तो बोलायच्या आत मीच सांगितलं, फोनवर पैसे नको घालवूस, लगेच तारदूत लावतो. तो म्हणत होता, बाबा, एक मिनिट, ऐका. म्हटलं, लिहून पाठव, लिहिलेलं नीट पोचतं. ठेवला, त्याच लाइनवर मोडेम लावला. कनेक्शन लागेपर्यंत त्याची चिडचिड कमी झाली असावी. आला.

मी: "तारीख कळवा."

आनंद: "१४ जानेवारी. आधीही"

म्हणजे डिसेंबरचं जानेवारीवर गेलं, जमलं तर आधीही येतील. नव्या नोकरीत लगेच सुट्टी कोण देणार. मी समजूतदार आहे. मग त्याने लिहिलं: "बाबा, तुम्ही जानेवारीत"

एअरपोर्टवर घ्यायला याल का, असं. विचारायची गोष्ट आहे का ही? कळवलं: "नक्की येतो."

आनंद: "खरंच?"

मी: "शब्द दिला."

आनंद: "पूर्णिमाला सांगतो."

सहा महिन्यांत इतकं छान बोलणं झालं नव्हतं. संध्याकाळी खाली जाऊन गाडीवाल्याला सांगून ठेवलं, जानेवारीत मुंबई एअरपोर्ट, मोठी गाडी. तो म्हणाला, काका, अजून दिवाळी व्हायचीय.

१० नोव्हेंबर, रविवार

आनंद: "व्हिसाचं काय झालं?"

पूर्ण वाक्य, प्रश्नचिन्हासकट. अर्थ मात्र लागेना. अमेरिकेत राहतो तो, आणि व्हिसाचं मला विचारतो. परत जाताना शिक्का लागत असेल. पण ते मी इथून काय करणार? मुलं तिशीला आली तरी बापावर टाकतात. जरा कडक राहिलं पाहिजे. कळवलं: "ते तुमचं तुम्ही बघायचं. माझ्यावर टाकू नये."

आनंद: "बरं."

२४ नोव्हेंबर, रविवार

आनंदाने नमूद करतो की तारदूत पूर्ण यशस्वी झाला आहे. गेल्या दोन आठवड्यांत एकही मेसेज तुटलेला नाही. आलेले सगळे मेसेज असे: "बरं." "हो." "ठीक." "बघू." पहिल्या अक्षरापासून शेवटच्या टिंबापर्यंत.

क्लासमध्ये जाऊन उत्कर्षाला सांगितलं, तुझ्या नळाशिवाय जमलं. तिने विचारलं, काय बदललंत? म्हटलं, काहीच नाही. ती म्हणाली, मग मेसेज बदलले असतील, काका.

काहीतरी बोलायचं म्हणून बोलते.

गादी आली. बेडवर नवी चादर घातली. मग काढून ठेवली, धूळ बसेल.

१ डिसेंबर, रविवार. सकाळी ७ ते १०

आनंद नाही. कनेक्शन चालू ठेवलं. साडेनऊला लाइन तुटली, परत लावली. तरी नाही.

शंका नको म्हणून दोन खिडक्या उघडून चाचणी घेतली. मी: आहेस का? आनंद: आहे. मी: दोन आठवडे काही बोलला नाहीस नीट. मग आनंदच्या खिडकीत काय लिहावं ते सुचेना. दोन्ही खिडक्या बंद केल्या.

प्रोग्रॅमचा दोष नाही.

५ डिसेंबर, गुरुवार

मधल्या दिवसांतही लावून पाहिलं. सकाळी, दुपारीसुद्धा. रात्री झोपताना लाइन चालूच ठेवतो, न जाणो. बफर बत्तीस हजार केला. तेवढं तो कधी लिहिणार नाही, पण लिहिलं तर जागा असू दे.

जेवायला पिठलं. कालचं.

८ डिसेंबर, रविवार

सकाळी दार वाजलं. विमलाबाई, हातात चष्मा, जिना उतरून धापा टाकत. म्हणाल्या, अहो सुखदेवराव, तुमचा फोन आहे की शोभेची वस्तू? चार दिवस तुमचा मुलगा लावतोय, सदा एंगेज. शेवटी मला केला. हिराच्या आजारपणात त्याला माझा नंबर दिला होतात, तो त्याने जपून ठेवलाय.

मी म्हटलं, लाइन कामात होती.

त्या म्हणाल्या, नात झाली तुम्हाला. बुधवारी. दिवस भरायच्या आधी झाली म्हणून काचेच्या पेटीत ठेवलीय, पण बरी आहे. आईही बरी आहे.

मी विचारलं, कुणाला झाली?

त्या म्हणाल्या, पूर्णिमाला, आणखी कुणाला? मला?

मग त्या खुर्चीवर बसल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, तो विचारतोय, बाबा आमच्यावर रागावलेत का. पोराचा आवाज बरा नव्हता हो. वर चला, तो परत करणार आहे.

विमलाबाईंनी जे सांगितलं ते सगळं पोचलं. मध्ये काही गळालं नाही. मी पाणी प्यालो. वर गेलो.

फोन आला. मी म्हटलं, काय चाललंय. तो "ठीक" म्हणाला नाही. तो बोलायला लागला. जुलैत त्याने दिवस राहिल्याचं लिहिलं होतं. ऑगस्टमध्ये तिला उलट्या होत होत्या. डॉक्टरांनी प्रवास नको सांगितला, म्हणून डिसेंबरमध्ये येणं जमणार नाही असं लिहिलं होतं. ऑक्टोबरमध्ये तिला दाखल केलं, आठ दिवस ठेवलं होतं. त्या वेळी त्याने रात्री हॉस्पिटलमधून घरी येऊन मला लिहिलं होतं, बाबा, मला भीती वाटतेय.

१४ जानेवारी ही बाळंतपणाची तारीख होती. मग त्याने लिहिलं होतं, बाबा, तुम्ही जानेवारीत इकडे या, पूर्णिमालाही तुम्ही हवे आहात. मी नक्की म्हणालो. त्यांनी माझ्यासाठी खोली लावली. तिथेही एक खोली लावलेली आहे.

मी म्हटलं, आनंद, हे पोचलं नाही मला.

तो म्हणाला, पण बाबा, तुम्ही उत्तरं तर देत होता.

खरखर ऐकू येत होती. विमलाबाई स्वयंपाकघरात जाऊन भांडी वाजवत बसल्या होत्या. आनंद म्हणाला, ती एवढीशी आहे बाबा. हात माझ्या अंगठ्याएवढा. मी म्हटलं, हो. तो म्हणाला, हो काय? म्हटलं, तूही तसाच होतास. तुझी आई तुला उचलायला घाबरायची, मीच उचलायचो.

हे त्याला माहीत नव्हतं.

खाली आलो. विमलाबाईंनी साखर घातलेला चहा पाठवला. प्यालो.

१२ डिसेंबर, गुरुवार

क्लासला गेलो. उत्कर्षाला पहिल्यांदाच आख्खा प्रोग्रॅम दाखवला. इतके दिवस तिला फक्त सांगत होतो. ती शांतपणे खालीवर वाचत गेली. फेकून देण्याच्या ओळीवर थांबली. मला वाटलं, बोलेल काहीतरी, फळ्यावर नळ काढेल. काढला नाही. ओळ पुसली. मग लिहून दाखवलं: आधी मजकुराची लांबी पाठवायची. इकडे तेवढी अक्षरं जमेपर्यंत वाचत राहायचं, कितीही तुकड्यांत आली तरी जोडत जायचं. पूर्ण झालं की मगच दाखवायचं. बफर बत्तीस हजारावरून तिने एक हजारावर आणला. म्हणाली, एवढा पुरतो.

साध्या दहा-बारा ओळी. पुस्तकात त्याच प्रकरणात आहेत.

निघताना तिने विचारलं, काका, यातून बरंच काही गेलं का हो?

म्हटलं, फार नाही. घरगुतीच होतं.

तिने फी परत देऊ केली. मी म्हटलं, वेडी आहेस का. जिना उतरताना गुडघा दुखला. रिक्षा केली.

२९ डिसेंबर, रविवार

पासपोर्टचा अर्ज दिला आहे. पोलीस चौकशीला घरी येतात म्हणे, त्यामुळे बाहेर पडत नाही. जानेवारीत जाणं होणार नाही. मार्चपर्यंत बघू, असं आनंदला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, मार्चमध्ये पूर्णिमाच्या आई येणार आहेत, मग तुम्ही त्यांच्यानंतर या, म्हणजे गर्दी होणार नाही. त्याचं बरोबर आहे. गाडीवाल्याला नको म्हणून सांगितलं. तो म्हणाला, काका, मी लिहून घेतलंच नव्हतं.

नातीचे फोटो विमलाबाईंच्या कॉम्प्युटरवर आले, त्यांच्या त्या फुकट मेसेंजरवर. वर जाऊन पाहिले. पेटीतून बाहेर काढलंय. नाव ठरायचंय. विमलाबाई म्हणाल्या, नाक तुमचं आहे, बिचारीचं.

आनंद म्हणतो, तुम्हीही तोच घ्या ना बाबा, दोन मिनिटांचं काम आहे. मी म्हटलं, तारदूत २.० तयार आहे, एकदा तरी वापर. तो म्हणाला, बघू. मग म्हणाला, बरं, बारा तारखेला, रविवारी.

१२ जानेवारी २००३, रविवार

पहाटेच उठलो. दाढी केली. पावणेसातला कनेक्शन लावलं. तिथे रात्रीचे सव्वाआठ.

काय लिहायचं ते काल ठरवलं होतं. क्षमा वगैरे नाही, मोजक्या शब्दांत. लिहून ठेवलं. मग वाटलं, आधी त्याचं वाचावं, त्याचं संपू द्यावं.

७.०५. काही नाही.

७.३०. काही नाही.

७.४८ ला मेसेज आला:

"बाबा, आत्ताच ती झोपली होती पण आता उठली आणि फार रडतेय, पूर्णिमा पण थकलीय, म्हणून आज बोलायला जमत नाही, नंतर कधीतरी बोलतो."

आख्खा आला. तुकड्यांत आला असणार, पण जोडून, एका ओळीत. क्रियापदं सगळी जागच्या जागी. तीनदा वाचला. दुसरा कुठलाही अर्थ निघत नाही.

मी ठरवलेलं पाठवलं नाही. "बरं" पाठवलं.

ते तो उठून जायच्या आत पोचलं का, माहीत नाही. पोचल्याची खूण उलट यायची सोय मी या प्रोग्रॅममध्ये केलेलीच नाही.